कार डिझायनर व्हायचंय? अर्ज कुठे, कागदपत्रं कोणती

हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात, म्हणून ऑटोमोबाईल इंजिनिअरिंग केलं की गाड्या डिझाईन करायला मिळतील, असं नागपुरातले बरेच पालक धरून चालतात. गाडीचा आकार ठरवणारे लोक वेगळे. ते डिझाईन स्टुडिओत बसतात आणि बहुतेक डिझाईन कॉलेजातूनच येतात.

बारावीनंतरचा मुख्य दरवाजा म्हणजे यूसीड, डिझाईनच्या पदवीची (बी.डेस.) प्रवेश परीक्षा. ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. कुठल्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो, आर्ट्सवालाही. वयाची अट आहे आणि संधी फक्त दोन, त्याही लागोपाठच्या वर्षी. म्हणून बारावीत 'सहज देऊन बघू' हा विचार नको. अर्ज साधारण ऑक्टोबरात सुटतात, पेपर जानेवारीत. शहरांच्या पसंतीत नागपूर आधी टाका. ३०० पैकी १०० गुण हाताने चित्र काढण्याचे असतात, तिथे कोचिंगची गाईडं फारशी कामाला येत नाहीत. निकालानंतर प्रवेशासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो, हे पुष्कळांच्या लक्षातच राहत नाही.

इंजिनिअरिंग झालेल्यांनी नाराज होऊ नये, त्यांच्यासाठी सीड आहे, डिझाईनच्या पदव्युत्तर शिक्षणाची (एम.डेस.) प्रवेश परीक्षा. पदवीच्या शेवटच्या वर्षालाही चालतं, वयाची अट नाही. महिंद्राच्या थार आणि एक्सयूव्ही ५०० या गाड्यांच्या डिझाईनमागचं नाव असलेल्या रामकृपा अनंतन आधी मेकॅनिकल इंजिनिअर होत्या, मग आयआयटी मुंबईत डिझाईन शिकल्या. एनआयडीची (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन) डॅट ही प्रवेश परीक्षा वेगळी, तिचा अर्जही वेगळा.

कागदपत्रं तशी मोजकीच: फोटो, सही, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका किंवा परीक्षा व्हायची असेल तर प्राचार्यांचं पत्र. मुली, एससी, एसटी आणि दिव्यांगांना शुल्क निम्मं. खरी गोची होते ओबीसींची. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेलं नॉन-क्रिमिलेअर इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं आणि चालू आर्थिक वर्षातलं लागतं. एनटी, व्हीजे असं काही या अर्जात नसतं. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते आधी पाहा. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्रही केंद्राच्याच नमुन्यात काढा. सेतूत अर्ज देतानाच 'केंद्रासाठी' असं स्पष्ट सांगा आणि दिवाळीच्या सुट्ट्यांआधी काम उरकून घ्या.

पुढे नोकरीला मात्र कोणी गुणपत्रिका आधी बघत नाही. टाटाच्या पुण्यातल्या स्टुडिओत काय किंवा दुसरीकडे काय, आधी पोर्टफोलिओ, म्हणजे तुम्ही केलेल्या डिझाईनचा संग्रह, मागतात.