पाण्यात, टाकीत कोणता धातू आहे? नमुना आणण्याआधी हे वाचा

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे भागातले प्लेटिंगवाले (विजेने धातूचा मुलामा देणारे) आणि खानापूरकडचे बोअरवेलवाले, आमच्या तपासणी प्रयोगशाळेत जास्त येतात ते हेच. दोघांचा पहिला प्रश्न एकच असतो: "यात नेमकं आहे काय?" किती आहे, हे त्यानंतरचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही कसं शोधतो ते इथं सांगतो, म्हणजे अहवाल हातात पडल्यावर तुम्हाला तो नीट कळेल.

विरघळलेला धातू बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही. त्याचा रंग उमटेल किंवा साका बसेल असं रसायन घालून त्याला ओळखावं लागतं. तांबड्या जांभ्याच्या जमिनीतलं बोअरचं पाणी उपसताना नितळ दिसतं, पण घागरीत रात्रभर राहिलं की पिवळट होतं आणि तळाला तांबूस गाळ बसतो. पाण्यातलं विरघळलेलं फेरस लोह हवा लागून फेरिक, म्हणजे गंजातल्यासारखं लोह, होतं, त्याचा हा गाळ. आम्ही नमुना आम्लयुक्त करून त्यात पोटॅशियम थायोसायनेटचे थेंब टाकतो. फेरिक लोह असेल तर रक्तासारखा लाल रंग येतो. फेरस लोह या थेंबांना दाद देत नाही, म्हणून त्याचं फेरिक करायला आधी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालतो. डाळ शिजत नाही अशी तक्रार असेल तर कारण सहसा लोह नसतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. त्याची तपासणी वेगळी.

प्लेटिंगच्या टाकीचं काम जास्त जपून करावं लागतं. जॉबच्या (मुलामा द्यायच्या वस्तूच्या) खोलगट भागात काळपटपणा आला की तांब्याचा किंवा जस्ताचा संशय येतो. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत निकेल प्लेटिंगच्या टाकीतल्या एका नमुन्यात आम्ही थेट अमोनिया घातला, निळा रंग आला आणि "तांबं आहे" असं लिहून दिलं. ग्राहकाने दोन दिवस डमी चालवली (टाकीत फालतू पत्रा टांगून कमी प्रवाहावर नको असलेला धातू त्याच्यावर ओढून घेतला), काळपटपणा तसाच राहिला. तो निळा-जांभळा रंग निकेलचाच होता. अमोनियात निकेलही निळं होतं. खरा दोष टाकीच्या तळाशी पडून राहिलेल्या जस्ताच्या डायकास्ट (साच्यात ओतलेल्या) जॉबचा निघाला. त्या ग्राहकाचं नुकसान झालं, ते आम्ही विसरलेलो नाही.

तेव्हापासून आम्ही क्रम मोडत नाही. नमुना हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून थायोअसिटामाइडसह तापवतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आम्लामुळे सल्फाइड आयन फारच थोडे उरतात. तेवढ्या थोड्या आयनांनीही तांब्याचं काळं सल्फाइड खाली बसतं, निकेल आणि जस्त मात्र द्रावणातच राहतात. तो काळा साका गाळून, धुऊन, गरम विरल नायट्रिक आम्लात विरघळवायचा आणि मग अमोनिया घालायचा. आता गडद निळा रंग आला तर तो तांब्याचाच. निकेलची खात्री डायमिथिलग्लायॉक्झिमने होते: अमोनियायुक्त द्रावणात गुलाबी-लाल साका येतो, तो एकदा पाहिला की विसरत नाही.

नमुना आणताना: बोअर दहा मिनिटं चालवून मगच बाटली भरा. गच्चीवरच्या टाकीतून आणू नका, जीआय पाइपचं जस्त पाण्यात उतरतं. तांब्याच्या कळशीतून तर मुळीच नको. आम्ही दिलेल्या बाटलीत आधीच नायट्रिक आम्ल असतं, ती विसळू नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. प्लेटिंगचा नमुना टाकी ढवळून, मधल्या थरातून घ्या, आणि कुठला जॉब बिघडला तोही सोबत आणा. त्या जॉबवरून आम्हाला फार काही कळतं.

अहवालात "आढळला नाही" असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ शून्य असा नाही; या पद्धतीला दिसेल इतका नाही, एवढाच. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. इतकं कमी शिसं परीक्षानळीतल्या रंगावरून कळत नाही, त्याला यंत्रावरची तपासणी लागते. पाणी पिण्यासाठी असेल तर नमुना देतानाच तसं सांगा. अहवाल मराठीत हवा की कन्नडमध्ये, तेही तेव्हाच सांगा.