भरधाव घोड्याचे पाय: इंग्रजी अश्वचित्रांची पार्श्वभूमी

अठराव्या शतकात शर्यत जिंकलेल्या घोड्याचं तैलचित्र काढून घेणं हा इंग्रज जमीनदारांचा हौसेचा खर्च होता. जॉन वुटन आणि जेम्स सीमोर यांनी या कामात नाव कमावलं. तरी त्यांचे घोडे पुष्कळदा लाकडी वाटतात, कारण कातडीखाली काय आहे याचा अंदाजच होता.

तो अंदाज संपवला चित्रकार जॉर्ज स्टब्जने (१७२४–१८०६). लिव्हरपूलच्या चामडं कमावणाऱ्याचा हा मुलगा. १७५६ मध्ये त्याने लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो गावी शेतघर भाड्याने घेतलं आणि त्याची जोडीदार मेरी स्पेन्सर हिच्या मदतीने दीडेक वर्ष घोड्यांची चिरफाड केली. घोड्याचं रक्त काढून टाकायचं, रक्तवाहिन्या चपट्या पडू नयेत म्हणून त्यांत वितळलेली चरबी भरायची, मग छतापासून टांगलेल्या लोखंडी दांड्याला आकड्यांनी धड अडकवायचं. खूर फळीवर असे टेकवायचे की जनावर चालतंय असं वाटावं. त्यानंतर एकेक थर सोलत हाडापर्यंत जायचं आणि प्रत्येक थराचं रेखाटन करायचं. एक घोडा तर ११ आठवडे टांगलेला होता. वासाची कल्पना केलेलीच बरी. खोदकाम करणाऱ्या कारागिरांनी नकार दिल्यावर ठसेही त्याने स्वतःच कोरले. हे शरीररचनेचं पुस्तक १७६६ मध्ये निघालं.

‘व्हिसलजॅकेट’ (सुमारे १७६२) हे त्याच नावाच्या शर्यतीच्या घोड्याचं चित्र या अभ्यासाचं फळ. उंची २९२ सेंटिमीटर, पार्श्वभूमी कोरी, मागच्या खुरांशी फक्त सावल्या. स्टब्ज आधी घोडे पुरे करून निसर्ग नंतर भरत असे. ही पद्धत सोयीची खरी, पण मागचा रंग कडेपर्यंत आणताना बाह्यरेषा कापून चिकटवल्यासारखी दिसण्याचा धोका राहतो. ‘हेमेकर्स’ आणि ‘रीपर्स’ (१७८५) या लाकडी फळीवरच्या चित्रांत तो गवत कापणी नि पिकाच्या कापणीकडे वळला. तिथले मजूर जरा जास्तच स्वच्छ आहेत, हे मात्र खरं.

एवढं करूनही चौखूर धावणारा घोडा त्यालाही साधला नाही. मेलेल्या घोड्यावरून स्नायू कळतात, वेग नाही. म्हणून पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले आणि चारही जमिनीपासून सुटलेले, ही ठरीव ढब चालत राहिली. फ्रेंच चित्रकार जेरिकोच्या १८२१ च्या ‘एप्सम डर्बी’ या शर्यतीच्या चित्रातही तीच दिसते. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांतून दाखवलं की भरधाव घोडा पूर्ण हवेत असतो तेव्हा त्याचे पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. चित्राचा काळ ठरवताना ही खूण कामी येते, पण एकाच बाजूने: तसे गोळा पाय दिसले तर चित्र बहुधा १८७८ नंतरचं, ताणलेले दिसले म्हणून ते जुनंच असं नाही, कारण ती ढब लगेच गेली नाही.

त्याच वर्षी सफोकमधल्या मेंडम गावी गिरणीवाल्याच्या घरी चित्रकार आल्फ्रेड मनिंग्ज जन्मला. विसाव्या वर्षी काटा लागून त्याचा उजवा डोळा गेला, त्यामुळे खोलीचा अंदाज घेणं अवघड झालं. तरी जिप्सींचे तळ, शिकारीची कुत्री, पहिल्या महायुद्धातलं कॅनडाचं घोडदळ, सगळं त्याने रंगवलं. न्यूमार्केटच्या मैदानावर मात्र तो बहुतेकदा शर्यत सुटण्याआधीचा क्षण निवडी: तिरपे वळणारे, मान झटकणारे घोडे, आणि ऊन पडलेल्या पाठीवर आभाळाची निळी छटा.