वकिलाशिवाय ग्राहक तक्रार

सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा यांविरुद्ध ग्राहकाने स्वतः लिहिलेली, स्वतः दाखल केलेली आणि स्वतः उभे राहून चालवलेली तक्रार. अशी तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे चालते. इंग्लंड-अमेरिकेत किरकोळ रकमांच्या दाव्यांसाठी वेगळी सोय आहे. भारतात सामान्य माणसाची ती गरज बऱ्याच अंशी हे आयोग भागवतात. मुंबईचे लघुवाद न्यायालय नावावरून त्या जातीचे वाटते, पण तिथे प्रामुख्याने घरमालक-भाडेकरूंचे वाद चालतात. बिघडलेल्या फ्रीजची पावती घेऊन तिथे जाण्यात अर्थ नाही.

या व्यवस्थेमागे महाराष्ट्रातील चळवळीचे मोठे श्रेय आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला.

वकील न देण्याची मुभा ही आयोगाची मेहेरबानी नसून ग्राहकाचा हक्क आहे. तक्रारदाराने वकील नसलेला प्रतिनिधी पाठवला तर चालेल का, हा वाद दक्षिण मुंबईच्या ग्राहक मंचातूनच (जिल्हा आयोगाचे जुने नाव) वर गेला. मुंबई उच्च न्यायालयाने प्रतिनिधीच्या बाजूने कौल दिला आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्यामुळे आजारी आईची तक्रार मुलगा अधिकारपत्र घेऊन चालवू शकतो.

तक्रार कुठल्या पायरीवर करायची, हे आता मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही. वस्तू वा सेवेसाठी मोजलेल्या रकमेवरून ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. नव्या कायद्याने दिलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र जागेची आहे: तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. कोल्हापूरच्या ग्राहकाला कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा गुरुग्रामला आहे म्हणून तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. व्यापारी हेतूने केलेली खरेदी या कायद्यात बसत नाही, पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली रिक्षा बसते.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचे कारण घडल्यापासून. इथेच पुष्कळ खरी प्रकरणे बुडतात. दुकानदार ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ म्हणत राहतो, ग्राहक ईमेल पाठवत राहतो आणि त्या पत्रव्यवहाराने मुदत लांबली असे त्याला वाटते. ती लांबत नाही. उशीर झालाच तर तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो आणि त्यात पटण्याजोगे कारण लागते.

वकील नसलेल्या माणसाचे प्रकरण कागदावर तरते. आयोग मुख्यतः शपथपत्रे आणि दस्तऐवज पाहून निकाल देतो. चित्रपटासारखी उलटतपासणी सहसा होत नाही. आधी सामनेवाल्याला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून १५ दिवसांची मुदत द्यावी. कायद्याची तशी सक्ती नाही, पण ग्राहकाने आधी सरळ मार्गाने मागून पाहिले हे त्यातून दिसते. तक्रारीत परिच्छेदांना क्रमांक द्यावेत आणि घटना तारखेनिशी लिहाव्यात: अमुक तारखेला इतके रुपये दिले, अमुक तारखेला यंत्र बंद पडले, अमुक तारखेला मेकॅनिक येऊन गेला. ‘माझी घोर फसवणूक झाली’ या वाक्यापेक्षा मेकॅनिकने दिलेली जॉबशीट कितीतरी बोलते. व्हॉट्सॲपचे संदेश छापून जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र सोबत दिलेले बरे. शेवटच्या मागणीच्या परिच्छेदावर वेळ घालवावा: मूळ रक्कम, तिच्यावरचे व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च ही चार कलमे वेगवेगळी, आकड्यांसह मागावीत. त्रासापोटी अवाच्या सव्वा रक्कम लिहिल्याने ती मिळत नाही, उलट बाकीच्या मागणीचे वजन कमी होते.

तक्रार ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. दाखल करून घ्यायची की नाही हे साधारणपणे २१ दिवसांत ठरावे, असे कायदा सांगतो. नोटीस मिळाल्यावर लेखी जबाबासाठी सामनेवाल्याला ३० दिवस आणि आयोगाने दिले तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापलीकडे एकही दिवस नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले. म्हणून ४६ व्या दिवशी जबाब आला तर तक्रारदाराने गप्प बसू नये. हरकत लेखी नोंदवावी. पुढे पुराव्याचे शपथपत्र, लेखी युक्तिवाद आणि थोडा तोंडी युक्तिवाद. दोन्ही बाजू तयार असतील तर प्रकरण मध्यस्थीकडेही जाऊ शकते. निकाल तीन महिन्यांत, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असे कायद्यात आहे. प्रत्यक्षात वर्षे लागतात. नोकरदार माणसाला हा तारखांचा भारच सर्वांत जड जातो, त्यामुळे दूरदृश्य सुनावणीची विनंती लेखी अर्जाने करावी.

निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होते. पैसे द्यायचा आदेश झालेल्या सामनेवाल्याला अपिलासाठी त्यातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश होऊनही पैसे हाती आले नाहीत तर तक्रारदार त्याच आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करतो. कलम ७१ खाली वसुली मागता येते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा अर्जही वकिलाशिवाय करता येतो.