ठासणीच्या बंदुकीची शिकारी पिशवी

तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकीचे सामान जवळ बाळगण्यासाठी खांद्यावरून आडवी लटकवलेली लहान चामडी पिशवी. तिच्याबरोबर दारूचे शिंग, माप, चाकू आणि गोळ्यांची चंची अशी साधने येतात. या नोंदीत उत्तर अमेरिकेतल्या पिशवीचा विचार केला आहे. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी अठराव्या शतकात लांब नळीची आटेदार (नळीत आतून फिरकीच्या खाचा असलेली) रायफल घडवली, आणि तिच्याबरोबरच ही पिशवी सरहद्दीवरच्या शिकाऱ्यांत रुळली. त्या काळी तिला ‘शॉट पाउच’ म्हणत. आज सर्रास ऐकू येणारे ‘पॉसिबल्स बॅग’ हे नाव मुळात डोंगरात फिरणाऱ्या सापळेकऱ्यांच्या मोठ्या सामानपिशवीचे. ते या पिशवीला मागाहून चिकटले. संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत दिसणाऱ्या बहुतेक पिशव्या एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. अठराव्या शतकातल्या म्हणून खात्रीने सांगता येतील अशा फार थोड्या उरल्या आहेत. त्यामुळे ‘अस्सल १७६० ची नक्कल’ असे कोणी सांगितले तर ते जपूनच घ्यावे.

कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही आहेत, त्यामुळे गज (बार ठासायची काठी), केप (घोडा आपटताच पेटणारी छोटी टोपी), छर्रे हे शब्द तिथे नवे नाहीत. मात्र भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. अमेरिकेत या बंदुकांसाठी स्वतंत्र हंगाम असतात. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणाचा एक हंगाम केवळ चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीसाठी राखलेला आहे. ठासणीच्या बंदुकीच्या नेमबाजांची राष्ट्रीय संघटना १९३३ साली स्थापन झाली असून तिचे मैदान इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या गावी आहे.

आकार आणि जागा

नवख्याची नेहमीची चूक म्हणजे पिशवी फार मोठी घेणे. जागा असली की सामान वाढते, सामान वाढले की हात आत चाचपडत राहतो, आणि तोवर हरीण निघून गेलेले असते. जुन्या पिशव्या बहुधा ७ ते ८ इंच रुंद आणि तेवढ्याच खोल आहेत. शाळकरी पोराच्या दप्तराच्या निम्म्या. म्हणून आधी आत काय काय ठेवायचे ते टेबलावर मांडावे, त्यातले निम्मे काढून टाकावे आणि उरलेल्याभोवती पिशवी बेतावी.

उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो आणि पिशवी उजव्या बगलेखाली, कोपराच्या जरा खाली राहते. ती कमरेखाली गेली तर पळताना मांडीवर आपटते. पट्ट्याची लांबी हिवाळी कोट अंगात घालून सुतळीने मोजावी. सदऱ्यावर मोजलेला पट्टा हंगामात हमखास आखूड पडतो. साधारण ५० ते ६० इंच लागतात, आणि कमी-जास्त करायला एक बक्कल पुरते.

चामडे आणि शिवण

चामडे झाडाच्या सालीने कमावलेले असावे. अमेरिकेत त्यासाठी ओकची साल वापरत. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात, ते याच जातीचे. क्रोमने कमावलेले चामडे मऊ आणि स्वस्त मिळते, पण ते ओले करून आकार दिला तर तो धरत नाही आणि खाली दिलेला काळा रंगही घेत नाही. अंगासाठी १.२ ते १.६ मिलिमीटर जाडी पुरे, पट्टा २.५ मिलिमीटरच्या आसपास, रुंदी एक ते सव्वा इंच.

पुढचा आणि मागचा तुकडा ८ × ८.५ इंचांचा कापावा. मध्ये दीड इंच रुंदीची कळी (दोन्ही तुकड्यांना जोडणारी पट्टी) घातली तर पिशवीला पोट येते. अनेक जुन्या पिशव्यांना कळी नाहीच. मागच्या तुकड्यावरच झडप शिवतात. ती पुढच्या बाजूचा दोन तृतीयांश भाग झाकेल इतकी लांब हवी. आखूड झडप वाकल्यावर उघडते आणि पावसाचे पाणी आत येते. बटण किंवा फासा लावण्याचा मोह टाळावा. झडपेचे वजनच तिला खाली ठेवते, आणि गारठलेल्या बोटांनी बटण सुटत नाही. आतला चार इंची कप्पा बाकीचे शिवण्याआधी, तुकडा सपाट असतानाच मागच्या भागावर बसवावा. नंतर तिथे सुई पोचत नाही.

शिवण उलट्या बाजूने घालून पिशवी मग उलटवतात. कडेला पाव इंच सोडावे आणि दोन थरांच्या मध्ये चामड्याची एक पातळ पट्टी धरावी, म्हणजे टाका चामड्यात रुतत नाही आणि शिवणीतून पाणी झिरपत नाही. आरीने भोके पाडून, मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने, दोन सुया एकाच भोकातून समोरासमोर नेत इंचाला सात-आठ टाके घालावेत. दोरा शिवणीच्या चौपट तरी घ्यावा. एक टाका तुटला तरी ही शिवण उसवत नाही, यंत्राची उसवते. शिवून झाल्यावर पिशवी कोमट पाण्यात काही मिनिटे भिजवून कोपऱ्यापासून उलटवावी. या वेळी कोपरे फाटले तर बहुधा दोष जाड चामड्याचा असतो, क्वचित फार आवळलेल्या टाक्यांचा.

काळा रंग हवा असल्यास व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस टाकून एक-दोन आठवडे ठेवावा. झाकण घट्ट लावू नये, आत हायड्रोजन वायू तयार होतो. गाळलेले पाणी चामड्यावर फिरवताच सालीतल्या टॅनिनशी संयोग होऊन ते काळे पडते; हिरडा आणि लोखंडाची जुनी शाई याच क्रियेने होते. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून, धुऊन, अर्धवट वाळल्यावर तेल द्यावे. सोडा विसरला तर काही वर्षांत चामडे ठिसूळ होऊन तडकते.

दारूचे शिंग

शिंग गाईचे किंवा बैलाचे, बाहेरच्या वळणावर १२ ते १६ इंच लांब आणि अंगाच्या वळणाला बसणारे असावे. बूड उकळत्या पाण्यात मऊ करून त्यात निमुळता लाकडी गोल दाबून बसवतात, लाकडी खुंट्यांनी पक्का करतात आणि फट मेणाने बुजवतात. टोक कापून, भोक पाडून लाकडी बूच लावतात. रिकामे शिंग पाण्यात बुडवून टोकाकडून फुंकावे. बुडबुडे आले तर दमट हवाही आत जाणार. खरवडून पातळ केलेल्या शिंगातून दारू किती उरली ते उजेडात दिसते.

शिंगातून थेट नळीत दारू कधीही ओतू नये. आधीच्या बाराची धगधगती ठिणगी आत राहिली असेल तर हातातले अख्खे शिंग पेटते. म्हणून माप हे सोयीपेक्षा सुरक्षिततेचे साधन आहे. हरणाच्या शिंगाचे किंवा पितळेचे माप दारूच्या शिंगालाच दोरीने बांधलेले असते.

आत काय असते

.५० कॅलिबरच्या, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीच्या रायफलीला .४९० इंच व्यासाची शिशाची गोळी लागते. तिचे वजन सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. तिच्याभोवती .०१५ ते .०१८ इंच जाडीची, चरबी आणि मेण चोळलेली सुती चिंधी येते. दारू ६० ते ९० ग्रेन, मात्र बंदूक बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा पाळूनच. ही आकडेवारी जुळली की नाही ते जमिनीवर पडलेली चिंधी सांगते: जळकी असेल तर चिंधी पातळ किंवा वंगण कमी, कापलेली असेल तर नळीच्या तोंडाशी धार राहिलेली.

गोळ्या वेगळ्या चंचीत ठेवाव्यात. सुट्या ठेवल्या तर त्या खुळखुळतात, आणि गारगोट्यांवर आपटून त्यांना खळगे पडतात. दोन-तीन जादा गारगोट्या, त्यांना धरायचे चामड्याचे तुकडे, पेचकस, काना (ठिणगी नळीत जाण्याचे बारीक भोक) साफ करायची पितळी तार, रंजकाची (बार पेटवायच्या चिमूटभर दारूची) वाटी पुसायचा छोटा ब्रश, गजाच्या टोकाला लावायचा मळसूत्री काटा आणि त्यावर गुंडाळून नळी पुसायला थोडा तागाचा चोथा एवढे पुरे. काना साधारण १.६ मिलिमीटरचा असतो. तार त्याहून बारीक, आणि ठिणगी पडू नये म्हणून पितळेचीच घ्यावी. केपच्या बंदुकीला गारगोटीऐवजी केपची डबी आणि निपल (केप बसवायची नळी) काढायचा पाना लागतो. चाकू पट्ट्यावर म्यानात अडकवतात, कारण चिंधी कापताना तो एका हाताने निघायला हवा. पाच-सात भोकांची लाकडी पट्टी, भोकांत चिंधीसह गोळ्या आधीच बसवलेल्या, पट्ट्याला टांगली तर दुसरा बार लवकर भरतो.

मांडणी बार भरण्याच्या क्रमाने करावी: माप, चिंधी, गोळी, गज, शेवटी रंजक. प्रत्येक वस्तू न बघता हाती लागली पाहिजे. गजावर भरलेल्या बाराची खूण कोरलेली असावी. गोळी खुणेपर्यंत गेली नाही तर दारू आणि गोळीमध्ये पोकळी राहते, आणि त्या जागी नळी फुगू किंवा फाटू शकते. रंजक वाटीच्या निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. काना झाकला गेला तर ती वातीसारखी हळू जळत आत जाते. किंवा नुसता वाटीतच भडका होतो आणि बार फुसका जातो.

जळलेल्या काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा शोषते. तिने माखलेली लोखंडी साधने तशीच पिशवीत टाकली तर आठवड्यात गंजतात. पितळी बक्कल तेलकट चामड्यावर हिरवे पडते. ते पुसत राहावे. पिशवी हवेशीर जागी टांगावी, शेगडीजवळ नव्हे. हंगाम संपल्यावर शिंग रिकामे करून ठेवावे.