मेनूवरचा रेट म्हणजे बिल नाही! थीम पार्कच्या ट्रिपमधल्या मोठ्या डिनरचं बजेट कसं काढायचं

सुट्ट्यांचं बुकिंग सुरू झालं की आमच्या ट्रॅव्हल ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर दिवसाआड एक तरी स्क्रीनशॉट येतोच. कुठल्यातरी भारी रेस्टॉरंटचा मेनू आणि खाली मेसेज, "माणशी ७० डॉलर दाखवतंय, मुलांचे ४०, म्हणजे चौघांचे एवढेच ना? बघून कन्फर्म करा". मग आम्ही बसून हिशोब करतो, फोन करून समजावतो, समोरून "अहो पण साईटवर तर कमी होतं" असं येतं, परत पहिल्यापासून. घोडबंदरपासून ऐरोलीपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो म्हणून यावेळी लिहूनच काढलंय. क्वोटेशनसोबत हे पान येईल, ते वाचून मग फोन करा प्लीज.

तुमचं आधी ठाण्यातून एखादं परदेशी पॅकेज झालेलं असेल तर विमान, हॉटेल, पार्कची तिकिटं हे कसं चालतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यात जात नाही. इथे फक्त त्या एका मोठ्या जेवणाबद्दल. म्हणजे राजवाड्यातलं डिनर, मिकी टेबलापाशी येतो तो बुफे, किंवा अ‍ॅनिव्हर्सरी आहे म्हणून एक संध्याकाळ नीट टेबलावर बसून जेवायचं, ते.

आता तो स्क्रीनशॉटवाला हिशोबच घ्या. ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड, फिक्स मेनूचं रेस्टॉरंट, समजा मोठ्यांना ७० डॉलर आणि लहानांना ४०. आई-बाबा, ११ वर्षांचा मुलगा, ७ वर्षांची मुलगी. तुम्ही काय करता, दोन मोठे दोन लहान, २२० डॉलर, डॉलर ९० रुपये धरला तर १९,८०० रुपये. वीस हजारात बसतंय, चला करू.

पहिली गडबड मुलाच्या वयात आहे. डिस्ने वर्ल्डला लहान म्हणजे ३ ते ९ वर्षं. दहावा वाढदिवस झाला की पोरगं मोठ्यांच्या रेटला, मग तो नुसती पास्त्याची एक प्लेट खाऊन उठला तरी. म्हणजे तिघं मोठे, एक लहान, झाले २५०. त्यावर सेल्स टॅक्स, पार्क ज्या ऑरेंज काउंटीत आहेत तिथे साडेसहा टक्के, म्हणजे १६.२५. मग टिप. तिथे १८ ते २० टक्के टिप धरूनच चालायचं, १८ नी ४५ डॉलर. टोटल ३११.२५, रुपयांत २८,०१२. आणि आपलं नेहमीचं क्रेडिट कार्ड स्वाइप केलंत तर बँक वरून मार्कअप म्हणजे परदेशी चलनाचा जादा चार्ज लावते, समजा साडेतीन टक्के, त्या मार्कअपवर परत १८ टक्के जीएसटी, की अजून साधारण ११५० गेले. १९,८०० चं जेवण २९ हजारांच्या वर गेलं आणि यात कुणी जास्तीचं काही मागवलेलं नाही, बाबांनी एक ग्लास वाईनसुद्धा घेतलेली नाही.

म्हणून आमच्याकडे एक सोपा हिशोब ठरलेला आहे. अमेरिकेत मेनूवरचा आकडा गुणिले सव्वा, प्लस कार्डचा खर्च. वयं बरोबर धरली असतील तर यात तुम्ही अडकत नाही. सिंगापूरला मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतात, त्याचा अर्थ १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या दोन्हीच्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी, म्हणजे १०० चे ११९.९०. तिथे वर टिप द्यायची गरज नाही. जपानमध्ये टिपची पद्धतच नाही, टेबलावर पैसे ठेवून निघालात तर वेटर मागे पळत येऊन परत देईल.

टिपवरून आमच्याशी भांडण काढणारे बरेच आहेत. "आपल्याकडे तर सर्व्हिस चार्ज नाकारता येतो, पेपरमध्ये आलं होतं". बरोबर आहे, २०२२ च्या गाईडलाईन्स आहेत तशा, पण त्या भारतातल्या. अमेरिकेत वेटरचा पगार टिप धरूनच ठरलेला असतो, ती न देता उठणं तिथे फार वाईट दिसतं. आणि तुम्ही आजी-आजोबा धरून सहा किंवा जास्त जण असाल तर डिस्ने वर्ल्डमध्ये १८ टक्के आपोआप बिलात लागतात. तेव्हा बिल वरपासून खालपर्यंत वाचा, लागलेली असेल तर खाली परत टिप लिहू नका. घाईत दोनदा टिप देऊन येणारी मंडळी आहेत आणि ते पैसे आम्हाला परत मिळवून देता येत नाहीत.

रात्री-बेरात्री येणारा एक फोन याच बिलावरून असतो म्हणून हे नीट सांगतो. अमेरिकेत बिल एका फोल्डरमध्ये येतं, त्यात तुम्ही कार्ड ठेवायचं, वेटर स्वाइप करून कार्ड आणि दोन स्लिपा परत आणतो. त्या क्षणी तुमच्या मोबाईलवर जो मेसेज येतो तो टिप सोडून असतो. स्लिपवर खाली टिपची रिकामी ओळ असते, तिच्याखाली टोटलची, तिथे पेनाने आकडा लिहायचा, टोटल मारायची, सही करायची, एक स्लिप ठेवायची आणि एक आपल्या खिशात. दोन-तीन दिवसांनी बँकेत फायनल रक्कम जाते ती टिप धरून, म्हणजे पहिल्या मेसेजपेक्षा जास्त. हा फ्रॉड नाही. कार्ड ब्लॉक करू नका, पुढची अर्धी ट्रिप मग तुमची कॅशवर जाते. ती खिशातली स्लिप मात्र घरी येईपर्यंत जपून ठेवा, आकडा खरंच चुकला तर तेवढाच पुरावा असतो. काही ठिकाणी हल्ली मशीन टेबलावर आणतात, मग टिप तिथेच टाकायची. मशीनने विचारलं रुपयांत घेऊ की डॉलरमध्ये, तर डॉलरच दाबायचं, रुपये दाबलेत की ते लोक त्यांच्या रेटने बदलून घेतात आणि तो रेट कधीच तुमच्या फायद्याचा नसतो. डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर वर सांगितलेला मार्कअप वाचतो, ते आम्ही करून देतो, ऑफिसला पॅन आणि पासपोर्ट घेऊन या.

दुसरा नेहमीचा प्रश्न, "हे डिनर पॅकेजमध्येच का नाही टाकत?" टाकता येतं. मुद्दाम टाकत नाही. टाकलं की पॅकेजची किंमत फुगते आणि तुम्ही आमचं क्वोटेशन शेजारच्याच्या क्वोटेशनशी लावून बघता, ज्यात 'ऑल मील्स' म्हणजे सातही दिवस इंडियन रेस्टॉरंटचा तोच पनीर बुफे असतो. त्याला नावं ठेवत नाही, सोबत वयस्कर माणसं असतील तर तोच बरा पडतो, आम्हीही देतो. पण मोठं डिनर वेगळ्या ओळीत असलं की तुम्हाला खरा आकडा दिसतो आणि नको असेल तर काढता येतो. दिवसभर चालून पोरं पेंगायला लागली की भल्याभल्यांचा प्लॅन बदलतो.

त्यावरूनच, पोचल्याच्या दिवशी मोठं डिनर ठेवूच नका. ऑर्लँडोत उन्हाळ्यात संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. ७० डॉलरच्या प्लेटमध्ये डोकं ठेवून झोपलेल्या बाबांचा फोटो क्लायंटनेच आम्हाला पाठवलेला आहे (सौजन्य, काकू). तिसरा किंवा चौथा दिवस घ्या. सिंगापूरला अडीच तासांचाच फरक, तिथे हा प्रश्न येत नाही.

दुसरं म्हणजे रेस्टॉरंट पार्कच्या आत आहे की बाहेर, हे बजेटला फार महत्त्वाचं आहे आणि कुणीच विचारत नाही. सिंड्रेलाचं रॉयल टेबल, म्हणजे ते राजवाड्यातलं डिनर, मॅजिक किंगडम पार्कच्या आत, किल्ल्यातच आहे, तिथे जेवायला त्या दिवसाचं पार्कचं तिकीट लागतंच. पण कॅलिफोर्निया ग्रिल काँटेम्पररी हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावर आहे, वरून मॅजिक किंगडमची आतषबाजी दिसते, आणि पार्कचं तिकीट लागत नाही. डिस्ने स्प्रिंग्ज हा दुकानं-रेस्टॉरंटांचा भाग, तिथेही तिकीट नाही, पार्किंगही फुकट. म्हणजे ज्या दिवशी पार्कला सुट्टी दिली आहे त्या दिवशी असं डिनर ठेवलं तर पार्कचा एक अख्खा दिवस वाचतो, आणि चौघांच्या एका दिवसाच्या तिकिटांत असं एखादं डिनर आरामात निघतं.

मिकीला भेटणं एवढंच पोरांचं मागणं असेल तर डिनरचा हट्ट सोडा. काँटेम्पररी हॉटेलमधल्याच शेफ मिकीजमध्ये ब्रेकफास्टचा बुफे डिनरपेक्षा स्वस्त पडतो, मिकी तोच असतो, आणि पोरं सकाळी रडत पण नाहीत. आम्ही जास्तीत जास्त लोकांना हेच सुचवतो, आमचा यात काही कमी-जास्त फायदा नाही.

शाकाहारी मंडळींसाठी आमची पहिली शिफारस सना. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये आहे, काचेबाहेर जिराफ, झेब्रे फिरत असतात, आणि ब्रेड सर्व्हिस मागवली की नान आणि सोबत चटण्यांच्या वाट्याच वाट्या येतात, मुंबईच्या माणसाला लगेच घरचं वाटतं. पार्कचं तिकीट नको, बिलही राजवाड्यापेक्षा खूप कमी. जैन असाल, कांदा-लसूण चालत नसेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, टेबलावर बसल्यावर सांगून उपयोग नाही. नुसतं व्हेज लिहून पाठवू नका, अंडं चालतं का, चीज चालतं का तेही लिहा.

आणि अगदी वरच्या टोकाला जायचंच असेल तर ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलमधलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स, त्याला २०२४ मध्ये मिशेलिनचा एक स्टार मिळाला. तिथे १० वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत आणि शॉर्ट्स-टीशर्टवर जाता येत नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवरा-बायको दोघंच जाणार असाल तर बोला, मुलांना आजीकडे ठेवून. ते बजेट या पानावर बसत नाही, समोर बसून बोलू.

पैसे कुठून काढायचे हेही विचारतात. रोजचं माणशी अमुक असं सरळ भागून ठेवू नका, तेच चुकतं. सहा दिवस साधं आणि एक दिवस मोठं असं धरा. डिस्ने वर्ल्डच्या पार्कमध्ये घरचं खाणं नेता येतं, काचेची बाटली आणि दारू सोडून. थेपले, चिवडा, चकल्या बॅगेत टाका, काउंटरवाल्या दुकानांत बर्फाचं पाणी फुकट मिळतं, ते मागा, बाटल्या विकत घेत बसू नका. चार दिवसांचं पाणी आणि दुपारचं अरबट-चरबट खाणं वाचलं की त्या डिनरची टिप तरी सुटते. युनिव्हर्सल सिंगापूरला मात्र बाहेरचं खाणं चालत नाही, तिथे दुपारच्या जेवणाचे पैसे वेगळे धरा.

आता आमच्याकडून काय होतं ते. पॅकेज आमच्याकडून असेल तर वरच्यासारखा सगळा हिशोब तुमच्या घरच्या वयांप्रमाणे एका शीटवर काढून देतो आणि एका डिनरचं बुकिंग करून देतो, त्याचे पैसे नाहीत. पॅकेज दुसरीकडचं आणि बुकिंग फक्त आमच्याकडून असेल तर चार्ज पडतो. "दोन क्लिकचं तर काम आहे" असं ऐकावं लागतं म्हणून सांगतो, डिस्ने वर्ल्डचं टेबल ६० दिवस आधी खुलं होतं, हॉटेल त्यांचंच असेल तर चेक-इनच्या ६० दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं एकदमच घेता येतं, आणि नावाजलेल्या जागा त्याच दिवशी संपतात. नंतर रोज साईट उघडून कुणी कॅन्सल केलंय का बघत बसावं लागतं. तिकिटं निघाल्यावर पंधरा दिवस उरलेले असताना "राजवाड्यात जेवायचंय" म्हणालात तर आम्ही प्रयत्न करू, शब्द देणार नाही.

बुकिंगला कार्ड नंबर द्यावा लागतो. न सांगता गेला नाहीत तर बऱ्याच ठिकाणी माणशी १० डॉलर कापतात, आधी पैसे भरलेल्या जागांचे नियम त्याहून कडक असतात. तेव्हा पोरं झोपली, पाय दुखतात, काहीही असो, आम्हाला मेसेज टाका, वेळेत कॅन्सल करू. भारतात रात्र असली तरी टाका.

बुकिंगसाठी आम्हाला एवढंच हवंय : सगळ्यांची नावं आणि मुलांच्या जन्मतारखा पासपोर्टप्रमाणे, "लहान आहे हो तो" असं चालत नाही. पासपोर्टच्या पानाचा फोटो, जन्मतारखेवर बोट न ठेवता काढलेला. जेवणात काय चालतं काय नाही. किती खर्च करायचाय तो आकडा, संकोच न करता, रुपयांत. तो टॅक्स-टिप धरून सांगताय असंच आम्ही समजू आणि त्यात बसेल तेच दाखवू. ज्या दिवशी तुमची ६० दिवसांची खिडकी उघडते त्या दिवशी तिकडे सकाळचे सहा म्हणजे इथे दुपारचे साडेतीन, थंडीत साडेचार. तेव्हा ऑफिसचा फोन उचलला जाणार नाही, आम्ही तुमचंच टेबल पकडत असतो. पाचनंतर करा.