हळदीच्या नावावरच्या शेकडो नोंदी

गेल्या महिन्यात चिकोडीहून माझ्या मावसभावाचा फोन आला. दादा हळद लावतो, शिजवून, वाळवून, पॉलिश करून सांगलीच्या पेठेत नेतो. त्याच्या शेजारच्या काकूंना मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे, केमो चालू आहे. काकूंच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर आला होता. अमेरिकी सरकारच्या डेटाबेसात हळदीतलं कर्क्युमिन शेकडो चाचण्यांत ‘अ‍ॅक्टिव्ह’ ठरलंय आणि डॉक्टर हे लपवतात, असा. खात्री करायला त्यानं मोबाइलवरच्या एआयला विचारलं, तर त्यानंही ‘अनेक प्रयोगांत परिणामकारक’ असं उत्तर दिलं.

"केमो थांबवू काय म्हणून इचारायलाय बघ," दादा म्हणाला.

थांबवू नका, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. पण नोंदी खोट्या नव्हत्या. मी स्वतः जाऊन पाहिल्या. नोंद खरी असून निष्कर्ष चुकीचा कसा निघतो, हे सांगितल्याशिवाय मला राहवेना.

अशा नोंदींचे दोन मोठे साठे सगळ्यांना फुकट खुले आहेत. अमेरिकेतलं पबकेम 2004 मध्ये सुरू झालं. इंग्लंडात केंब्रिजजवळ हिंक्स्टनला असलेलं चेम्बल 2009 पासून खुलं आहे. एकट्या चेम्बलमध्ये 20 लाखांहून जास्त संयुगं आणि त्यांची दोन कोटींहून जास्त मोजमापं आहेत. प्रत्येक मोजमापामागे एक ‘अ‍ॅसे’ असतो. हा शब्द मुळात सोन्याचांदीचा कस पाहण्यासाठी वापरत. सराफ कसोटीवर सोनं घासतो, तसा इथे रेणूचा कस लावतात.

तो लावतात असा. प्लॅस्टिकच्या ताटलीत 96 छोटे खळगे असतात. प्रत्येकात एक एन्झाइम, म्हणजे शाळेत शिकलेलं विकर, आणि त्याचं खाद्य घालतात. एन्झाइम काम करू लागलं की खळगा चमकतो किंवा रंग बदलतो. मग एकेका खळग्यात औषधाची मात्रा वाढवत नेतात. चमक कमी होत जाते. ज्या मात्रेला एन्झाइमचं काम निम्म्यावर येतं, तो आकडा म्हणजे आयसी-फिफ्टी. तो जितका लहान, तितकं औषध जोरदार. 10 नॅनोमोलर आणि 10 मायक्रोमोलर (द्रावणातलं प्रमाण मोजायची ही एककं) यांत हजार पटींचं अंतर आहे, म्हणून चेम्बलमध्ये पीएचसारखीच लॉगची पट्टी वापरतात: मोल प्रति लिटरमधल्या आकड्याचा लॉग घ्यायचा आणि चिन्ह उलटं करायचं. पहिल्याला 8 गुण मिळतात, दुसऱ्याला 5.

आता कर्क्युमिनकडे येऊ. माझा जीव खरा अडकलाय तो इथे.

चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि अंधारात वरच्या स्पिरिटवर नकली नोटा ओळखण्याचा जांभळा टॉर्च मारा. स्पिरिट हिरवट पिवळं झगमगतं. कर्क्युमिन निळा प्रकाश गिळतं आणि हिरवा बाहेर टाकतं. ज्या चाचणीचा निकालच प्रकाश मोजून लागतो, तिथे हे काय गोंधळ घालेल पाहा. एन्झाइम व्यवस्थित काम करतंय, पण त्याची चमक कर्क्युमिननं गिळली. यंत्राला वाटतं, एन्झाइम थांबलं. नोंद होते: ‘अ‍ॅक्टिव्ह’.

दुसरी फसवणूक आणखी सूक्ष्म आहे. कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्याचे रेणू एकत्र येऊन गोळे करतात. एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटतं आणि अडकून पडतं. हा औषधाचा परिणाम नव्हे. त्याच खळग्यात ट्रायटनसारखं डिटर्जंट अगदी किंचित, 0.01 टक्का घातलं की गोळे सुटतात आणि ‘परिणाम’ नाहीसा होतो. कॅलिफोर्नियातल्या ब्रायन शॉयकेट यांच्या प्रयोगशाळेनं हे वर्षानुवर्षं चिकाटीनं दाखवलं. म्हणून चाचणीच्या पाण्यात डिटर्जंट होतं का, हा क्षुल्लक वाटणारा तपशील सगळा निकाल फिरवू शकतो.

तिसरी गोष्ट आपल्या देवघरातली. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू पूर्वी तसंच करत. अल्कली लागताच हा रेणू बदलतो. रक्ताच्या पीएचइतक्या, 37 अंशांच्या साध्या द्रावणातही तो टिकत नाही. 1997 च्या एका प्रयोगात अर्ध्या तासात त्यातला 90 टक्के नाश पावला.

अशा फसव्या रेणूंची ओळख पटवणारी यादी ऑस्ट्रेलियातल्या जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी 2010 मध्ये मांडली. 2017 मध्ये अमेरिकेतल्या कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी कर्क्युमिनचा आढावा घेतला. 120 हून अधिक वैद्यकीय चाचण्या झाल्या होत्या, आणि रुग्ण-डॉक्टर दोघांनाही औषध कोणतं हे न सांगता, खोट्या गोळीशी तुलना करून घेतलेली एकही यशस्वी ठरली नव्हती. आमटीत हळद घालाच, जखमेवर आजीनं लावलेली हळदही मला प्रिय आहे. पण त्या मायेवर कुणाची केमो थांबवू नये.

आता एआयचं. मोबाइलवरचा एआय नुसत्या आठवणीवर बोलला. आता एआयला स्वतः या साठ्यांत जाऊन शोधता येईल अशी साधनं तयार होत आहेत. अशा जोडणीसाठी अँथ्रॉपिक कंपनीनं नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची खुली पद्धत दिली. असं साधन एआयला मोजकी कामं करू देतं: नावावरून रेणूचा क्रमांक शोध, त्या क्रमांकाच्या नोंदी आण, नोंदीवरून चाचणीचं वर्णन आण.

नावाचं महत्त्व आपल्या भागात समजावून सांगायला नको. बेळगाव म्हणून शोधलं तर 1 नोव्हेंबर 2014 नंतर बेळगावी नावानं झालेली नोंद हाती लागत नाही. रेणूंना तर डझनभर नावं. म्हणून त्यांच्या रचनेवरून 27 अक्षरांची एक खूण काढतात, ती नाव बदललं तरी बदलत नाही.

अशा साधनाकडून माझी अपेक्षा एकच, आकडा कधीही एकटा येऊ नये. त्याच्यासोबत एकक यावं, चाचणीचा प्रकार, प्राणी की माणूस, नोंदीचा क्रमांक आणि आकड्याआधीचं चिन्हही यावं. ‘>10 मायक्रोमोलर’ याचा अर्थ, 10 पर्यंत देऊन पाहिलं, निम्मा परिणामही झाला नाही. ते चिन्ह वाटेत गळालं की न चालणारा रेणू चालणारा होऊन बसतो. शेकडो ओळी आटोपशीर करताना पहिली कात्री नेमकी अशाच रकान्यांवर चालते. आणि ‘एआय महिन्यात औषध शोधणार’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, हे साधन कपाटातले कागद शोधतं. खळग्यात थेंब माणसालाच टाकावा लागतो.

दादाची मुलगी बेळगावात बी.एस्सी. करते. तिनं असंच एक साधन वापरून ‘नरक्या’ शोधला, हाती काही आलं नाही. साठा रेणूंच्या नावानं लावलाय, झाडांच्या नव्हे. नरक्या पश्चिम घाटातला, खानापूर-चंदगडाकडच्या रानांना ओळखीचा, घाण वास येणारा. त्यात कॅम्प्टोथेसिन आहे. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी 1966 मध्ये एका चिनी झाडातून ते वेगळं काढलं, 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना ते नरक्यात सापडलं. पेशी विभागताना डीएनएला दाव्यासारखा पीळ पडतो. तो सोडवायला टोपोआयसोमरेज-एक नावाचं एन्झाइम एक धागा कापतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागी पाचरीसारखं बसतं, धागा जुळत नाही. हा परिणाम वेगवेगळ्या पद्धतींच्या चाचण्यांत टिकला. त्याच रेणूत बदल करून केलेल्या औषधांपैकी एकाचं नाव इरिनोटेकान.

पोरीनं ते नाव वाचून दादाकडून काकूंच्या फाइलीचा फोटो मागवला. केमोच्या चिठ्ठीत दुसऱ्या ओळीवर तेच लिहिलेलं होतं. गेल्या सोमवारी त्यांचा चौथा डोस झाला.