‘पेनिसिलिन’ कॉकटेल: धूर वर का तरंगतो?

स्कॉच, आलं, मध आणि लिंबू यांचं ‘पेनिसिलिन’ हे कॉकटेल २००५ सालचं, पण त्याचा सांगाडा बराच जुना आहे. दारू, आंबट आणि गोड या तिघांचं ‘सावर’ अमेरिकेत बारटेंडर जेरी थॉमसने १८६२ सालीच छापून ठेवलं होतं. पुढे न्यूयॉर्कच्या ‘मिल्क अँड हनी’ या बारमध्ये टी. जे. सीगलने बर्बन (मक्यापासूनची अमेरिकन व्हिस्की) आणि लिंबाला साखरेऐवजी मधाची जोड दिली. ते ‘गोल्ड रश’. त्याच बारमधल्या सॅम रॉस या ऑस्ट्रेलियन बारटेंडरने बर्बन काढून ब्लेंडेड स्कॉच घेतली, मधात आलं मिसळलं आणि वर धुरकट स्कॉचचा पातळ थर सोडला. सर्दीवरचा घरगुती काढा ग्लासात उतरल्यावर औषधाचं नाव चिकटणारच.

रॉसचं खरं डोकं त्या थरात दिसतं. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या बहुतेक व्हिस्कींसाठी मोड आलेले सातू (बार्ली) पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या वाळवलेल्या मातीच्या, धुरावर वाळवतात; त्यातली फिनॉलं, म्हणजे धुराचा वास देणारी रसायनं, पुढे बाटलीपर्यंत टिकतात. अशी व्हिस्की शेकरमध्ये घातली तर आलं आणि धूर एकमेकांत कालवून दोघंही बोथट होतात. वर सोडली की धूर आधी नाकाला लागतो, मग जिभेला लिंबू आणि आलं.

प्रमाण असं: ब्लेंडेड स्कॉच ६० मिली, ताज्या लिंबाचा रस २२.५ मिली, मधाचा पाक आणि आल्याचा पाक प्रत्येकी साधारण ११ मिली, वर आयला स्कॉच ७.५ मिली.

मध थेट ओतू नये. बर्फाशी गाठ पडताच तो घट्ट होऊन शेकरच्या तळाला चिकटतो आणि पेय नुसतं आंबट लागतं. तीन भाग मधात एक भाग गरम पाणी घालून तो आधीच पातळ करावा. आल्याचं तंत्र उलटं, तिथे आच नको. उकळलं की आल्याला ठसका देणारं जिंजेरॉल मवाळ झिंजेरोनमध्ये बदलतं आणि ठसका जातो. आलं किसून पिळावं, रस थोडा वेळ ठेवावा, तळाशी बसलेला पांढरा साका मागे ठेवून वरचा रस घ्यावा आणि तेवढ्याच वजनाची साखर न तापवता विरघळवावी. हा पाक फ्रिजमध्येही फार दिवस ठेवू नये. ठसका रोज कमी होत जातो.

आयला सोडून बाकी सगळं बर्फासोबत दहा-बारा सेकंद जोरात हलवून मोठ्या बर्फाच्या खड्यावर गाळावं. मग चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून आयला हळूच सोडावी. खालच्या साखर-पाण्यापेक्षा ती हलकी असते, म्हणून तरंगते. घाईने ओतली की बुडून मिसळते. वर साखरेत मुरवलेल्या आल्याचा तुकडा काडीला टोचून द्यावा. स्ट्रॉ मात्र देऊ नये, कारण ती थेट तळातून ओढते आणि धुराचा थर न चाखताच शिल्लक राहतो.